हौसाआक्का लाँचमधून उतरली त्या दिवशी

मला पाण्याची भीती वाटते.

आणि मी लाँच चालवतो.

हे आजवर बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला ही पोस्ट वाचूनच कळेल. मग घरी जे व्हायचं ते होईल.

एकाच माणसाला माहीत होतं. आमच्या गावची हौसाआक्का. ती आज पहाटे गेली.

सोलापूर-पुण्याच्या मित्रांसाठी सांगतो. आमचा धक्का करमाळा तालुक्यात, उजनीच्या बॅकवॉटरवर. धक्का म्हणजे चार दगड, एक बाभळ आणि चहाची टपरी. दवाखाना, कॉलेज, बाजार सगळं पलीकडे. रस्त्याने वळसा घालून जायचं तर निम्मा दिवस मोडतो. त्यामुळे माणसं, मोटारसायकली, दुधाचे कॅन, सगळं माझ्या लाँचमध्ये. लाइफ जॅकेटं आहेत. लोक त्यांच्यावर बसतात.

मागे एकदा मधोमध असताना वारं सुटलं. लाँच एका अंगावर कलली आणि एक मोटारसायकल पाण्यात गेली. माणसं वाचली. काठावर आल्यावर सगळे हसले, मीही हसलो.

तेव्हापासून पाणी जरा हललं की माझे हात थरथरतात.

त्याच सुमाराला आक्काचं डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून दोनदा पलीकडे. मुलगा पुण्याला कंपनीत, त्यामुळे एकटीच यायची. इंजिनाशेजारी, माझ्या पायापाशी बसायची. लाइफ जॅकेट अंगात घालणारी ती एकटीच. नऊवारीवर ते केशरी जॅकेट. पोरं हसायची, तिला काही फरक पडायचा नाही.

एक दिवस माझ्या हातांकडे बघून हळूच म्हणाली, "दत्ता, तुला भ्या वाटतंय न्हवं?"

मी म्हणालो, इंजिनाचा हादरा आहे.

"मलाबी वाटतंय की. पान्याचं न्हाय, त्या सुईचं." आणि लगेच, "बातम्या सांग कायतरी."

मग ते तिच्या दर फेरीचंच झालं. धक्क्यावर रेंज येते, तिथे मी मोबाईलवर बातम्या वाचून घ्यायचो आणि पाण्यात इंजिनाच्या वर आवाज काढून तिला सांगायचो. निवडणूक, गॅसचा भाव, कोण कुठल्या पक्षात गेला. पक्षांतरात तिला रस नव्हता. म्हणायची, आपली मेंढरंसुद्धा इतकी वाडे बदलत नाहीत.

लढाईची बातमी मात्र नीट ऐकायची. तिथल्या बायका पाणी कुठून आणत असतील, असं विचारायची. मला काय माहीत?

पूल होणार, अशी बातमी दर निवडणुकीला यायची. तेव्हा मला चिडवायची, पूल झाला की तू काय करणार, शेरडं राखणार का?

बोलता बोलता पलीकडचा काठ यायचा. हात थरथरायचे, पण कमी.

आता त्या दिवसाचं.

गेल्या वर्षीचे वळवाचे दिवस. पश्चिमेला आभाळ काळं झालेलं, पाण्यावर बारीक लाटा. लाँच खच्चून भरलेली, त्यात एक लग्नाचं वऱ्हाड. मुहूर्त गाठायचा होता. मी म्हणालो, थोडं थांबू.

वऱ्हाडातले एक मामा सगळ्यांसमोर म्हणाले, "एवढ्याशा वाऱ्याला भ्यायलास व्हय? मग लाँच कशाला चालवतो, बांगड्या भर की."

सगळे हसले. बायकाही.

माझे कान तापले. मी इंजिनाला हात घातला. खरं सांगतो, मी निघालो होतो. लाजेपायी.

आक्का उठली. पिशवी उचलली आणि लाँचमधून खाली उतरली.

"मी न्हाय येत आज. मला भ्या वाटतंय."

पाण्याचं भय तिला कधीच नव्हतं. ते माझं होतं. ती ते माझ्यासाठी बोलली, सगळ्यांच्या देखत.

तिचं आधीचं एक डायलिसिसही चुकलेलं होतं. पाय सुजलेले. त्या लाँचमध्ये पलीकडे जायची सगळ्यात जास्त गरज तिलाच होती, हे सगळ्यांना दिसत होतं. ती उतरल्यावर कडेवर लेकरू असलेली एक बाई उतरली. मग दुसरी. मग मामाही उतरले, बडबडत.

आणि गंमत बघा, तासाभरात वारं पडलं. काहीच झालं नाही. वऱ्हाड टेम्पोने वळसा घालून गेलं, मुहूर्त चुकला. त्याचे टोमणे मी अजून ऐकतो.

आक्काला त्या रात्री आडवं पडता आलं नाही. दम लागायचा म्हणून भिंतीला टेकून बसून राहिली. सकाळी पहिल्या फेरीला मी तिला हाताला धरून लाँचमध्ये घेतलं. पायात चप्पल जात नव्हती. मी म्हणालो, आक्का, काल गेलो असतो तरी चाललं असतं गं.

"न्हाय गेलो ते बरंच झालं. आज काय बातमी हाय?"

त्या दिवशी पहिल्यांदा मी बातम्या न वाचताच धक्क्यावरून निघालो होतो.

आज तिच्या मुलाला विचारलं. त्या दिवशी डायलिसिस चुकलं, त्यामुळे तर नाही ना? तो म्हणाला, डॉक्टर म्हणतात हृदय थकलं होतं, वर्षापूर्वी एकदा चुकलेल्या डायलिसिसचा काही संबंध नाही. पटलं. तरी मघापासून दोनदा तेच विचारून झालंय.

पलीकडच्या दवाखान्यातून तिला रस्त्यानेच आणलं, वळसा घालून. आज पाण्यावर वारं होतं. लाँच काढतोस का, असं मला कुणी विचारलं नाही, आणि खरं सांगू का, मला सुटल्यासारखं वाटलं.

उद्याही वारं आहे म्हणतात. उद्या लाँच भरेल आणि त्यात घाई असलेला कोणीतरी असेलच. नसतो असा दिवस नाही. तो चारचौघांत काहीतरी बोलेल, माझे कान तापतील आणि माझा हात इंजिनाकडे जाईल. पाण्यापेक्षा मला आज या माझ्या हाताची जास्त भीती वाटतेय.

म्हणून हे सगळ्या गावासमोर लिहिलं. आता तुम्हाला माहीत आहे.

उद्या मी नको म्हणालो, तर तुमच्यातल्या कोणीतरी एकाने उतरा. एक उतरला की बाकीचे उतरतात. मी बघितलंय.

हौसाआक्का, सावकाश जा.

तुला मनापासून श्रद्धांजली.