उस्तादच्या बुडाखालचा टायर

नाशकात आलो तेव्हा मला एकच गोष्ट नीट येत होती, ती म्हणजे घाबरणं. आठवीतून शाळा सुटलेली, गाव भंडाऱ्याच्याही पलीकडे, आणि इथं ओळखीचं कुणी नाही. दिंडोरी रोडला मार्केट यार्डाच्या थोडं पुढं उस्तादचं पंक्चरचं दुकान होतं. चार पत्रे, एक कॉम्प्रेसर, ट्यूब बुडवायची पाण्याची टाकी आणि गिऱ्हाइकाला बसायला जुन्या टायरांच्या चळती. त्यांनी मला का ठेवून घेतलं ते मला आजही ठाऊक नाही. पहिल्या दिवशी "कुठला तू?" विचारलं, मी गावाचं नाव सांगितलं, ते त्यांना कळलं नाही. "म्हणजे नागपूर," ते म्हणाले, आणि माझं नाव नागपूर पडलं. नागपूरच्या पुढं नकाशा संपतो असं इथल्या लोकांना वाटतं.

उस्तादनी मला हातात काही द्यायच्या आधी कान दिला. टायर काढायची जी लोखंडी पहार असते, तिला आम्ही टॉमी म्हणतो. यार्डातून कोबी-टोमॅटोचे ट्रक निघायचे, ड्रायव्हर खालीसुद्धा उतरायचा नाही. आम्ही टॉमी घेऊन गाडीभोवती फिरायचं आणि प्रत्येक टायरावर एक ठोका. टण्ण वाजलं तर हवा भरलेली. भद्द वाजलं तर कमी. मधला आवाज आला तर उस्ताद डोळे मिटून म्हणायचे, "पुन्हा मार." पुढं पुढं मीही डोळे मिटायला लागलो. सात-आठ वर्षांत माझा कान असा तयार झाला की ड्रायव्हर उस्तादला सोडून मला हाक मारायचे. हवा मोजायचा गेज दुकानात होता, पण खिळ्याला टांगलेला, काच तडकलेली. तो नवशिक्यांसाठी, असं उस्ताद म्हणायचे.

घरी फोन केला की आई विचारायची, "कोणी रागावत तर नाही ना?" मी म्हणायचो, "नाही, माझं चांगलं नाव आहे इथं." ते खरं होतं, म्हणून तर भीती जास्त होती. नाव गेलं तर माझ्याकडं दुसरं काही नव्हतंच.

आमच्याकडं एक तात्या यायचे. पेठकडच्या डोंगरातले, पंचावन्नच्या पुढचे, कायम इस्त्रीचा पांढरा शर्ट. बायकांच्या एका डॉक्टरबाईंची गाडी ते चालवायचे. त्या दर बुधवारी कळवणला जाऊन पेशंट बघायच्या. गाडी जर्मन. मुंबईतल्या मुलानं नवी घेतली म्हणून जुनी आईला पाठवलेली. तात्या तिला घोडीसारखं जपायचे. एकच तक्रार करायचे, "एवढी मोठी गाडी, पण स्टेपनीच नाय तिला! कंपनी म्हणती हवा गेली तरी टायर पळतो." तिचे टायर रनफ्लॅट होते. मी तोवर असला टायर रिमवरून कधी उतरवला नव्हता. तसं सांगायची लाज वाटायची, म्हणून कधी बोललो नाही.

एका बुधवारी सकाळी तात्या दुकानासमोर थांबले. डॉक्टरबाई मागं फाइल वाचत बसलेल्या.

"नागपूर, बघ रं जरा. पिवळा दिवा लागलाय. टायरचं चित्र येतंय."

मी टॉमी घेतली, फिरलो. टण्ण, टण्ण, टण्ण, टण्ण.

"चारही ओके, तात्या. सेन्सरवर धूळ बसली असन."

"गेज लावतो का?"

"माझ्या कानावर भरवसा नाही का तुमचा?"

"तुझ्यावर नाय तर कोणावर?" तात्या हसले आणि गेले.

दुसऱ्या दिवशी ते चालत आले. शर्ट पांढराच, पण इस्त्री नव्हती. टायरांच्या चळतीवर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "परतताना वणीच्या अलीकडं जळका वास आला. उजव्या बाजूचा मागचा टायर. हात लावला तर चटका बसला. कशीबशी गाडी आणली. खरंच हवा होती का रं त्यात?"

तात्यांनी पुढचं सांगितलं. डॉक्टरबाईंच्या मुलानं मुंबईच्या वर्कशॉपला फोन केला होता. मागचा जळालाय आणि पुढच्या एकात खिळा दिसतोय असं ऐकल्यावर तिथून उत्तर आलं, हे टायर दुरुस्त होत नाहीत, तेव्हा चारही नवे घाला. त्या चार टायरांच्या पैशात माझ्या गावाकडं चांगली बैलजोडी येऊन वर म्हैस आली असती. मुलगा आईला म्हणाला, एवढा खर्च करू नकोस, गाडी विकून टाक, कळवणला भाड्याच्या गाडीनं जा. आणि दिवा लागलेला असताना गाडी हाणणारा ड्रायव्हर तसाही ठेवू नकोस.

"मग तुम्ही माझं नाव सांगितलं नाही?"

"कशाला? एकाची नोकरी गेली ती गेली, दोघांची कशाला घालवायची?"

मी उठून टाकीतल्या पाण्यानं तोंड धुतलं. मला रडू येत होतं आणि उस्ताद बघत होते.

"उस्ताद, तो टायर मी आणतो. निदान आत काय आहे ते तरी पाहतो."

"आण की. पण मेलेल्याची नाडी बघून काय करणार?"

दुपारी सायकलवर जॅक बांधून दवाखान्यात गेलो आणि ती दोन्ही चाकं काढून टेंपोतून आणली. मेलेला टायर उतरवायला आमची नेहमीची युक्ती केली: चाक आडवं ठेवलं आणि यार्डातल्या ओळखीच्या ट्रकचं चाक त्याच्या कडेवर चढवलं, तेव्हा कुठं तो रिमपासून सुटला. मग हॅक्सॉ घेऊन बसलो आणि टायर आडवा कापला. दोन पाती तुटली. आत बघितलं तर साध्या टायरची बाजू जिथं बोटाएवढीही नसते, तिथं याची मनगटाएवढी जाड रबरी भिंत. तिच्यावर गाडी उभी राहते. हवा असो नसो, वरून टॉमी मारली की ही भिंतच वाजणार, टण्ण. माझा कान हवा ऐकत नव्हता, रबर ऐकत होता. आणि आतून सगळ्या बाजूनं रबराचा भुगा सुटलेला, मिसरीसारखा काळा.

मग खिळा लागलेला दुसरा टायर तपासला. त्याच्यात हवा अजून बरीच होती, म्हणजे तो भिंतीवर पळालेला नव्हता. एक कड सोडवून आत हात फिरवला. भुगा नाही. खिळा मधोमध, जमिनीला टेकणाऱ्या नक्षीत. तो जर दुरुस्त होणार नसेल तर मग जगात पंक्चर कशाला म्हणायचं?

म्हणजे चार नव्हे, एकच टायर हवा होता. तसाच. पण तो आणायचा कुठून? हात काळे, डोकं सुन्न, आणि समोर उस्ताद चहा पीत त्यांच्या नेहमीच्या जागी बसलेले. आमच्याकडचे सगळे बसायचे टायर माणूस बसला की दबायचे. उस्तादचा दबत नसे. कंबर दुखायची म्हणून तो त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवला होता. गेल्या वर्षी एका बिल्डरनं "हाडं खिळखिळी झाली" म्हणून असल्याच गाडीचे टायर काढून साधे घातले होते. त्या चारातले तीन बैलगाड्यांना गेले, एक उस्तादच्या बुडाखाली आला.

"उस्ताद, उठा."

"का बे?"

"उठा तर."

ते उठले. मी टायर उलटा केला. मापाचे आकडे जुळत होते. नक्षीसुद्धा तीच. बाजूच्या छोट्या चौकटीत तो कितव्या आठवड्यात आणि कोणत्या वर्षी बनला ते लिहिलेलं असतं. ते पाहिलं, फार जुना नव्हता. सावलीत राहिल्यानं चीर नाही. आतून बॅटरी मारली, भुगा नाही.

"माझी खुर्ची!" उस्ताद म्हणाले.

"तात्यांची नोकरी आहे ती."

त्यांनी उरलेला चहा एका घोटात संपवला. "वर्षभर बसून मी त्याची टेस्टिंग केलीय, सांग तुझ्या डॉक्टरबाईंना."

सांगायला गेलो तेव्हा हातात कापलेल्या टायरचा तुकडा होता. डॉक्टरबाईंच्या टेबलापुढं उभा राहिलो. तात्या दाराशी उभे राहून मानेनं नको नको करत होते. मी सगळं सांगितलं. तात्यांनी गेज लावायला सांगितलं होतं, मीच ठोका मारून ओके म्हटलं, दिवा खरा होता, मी खोटा होतो.

त्यांनी तुकडा उलटसुलट करून पाहिला. "नुसती नाडी धरून ब्लडप्रेशर सांगणारे डॉक्टर आमच्यातही होते," त्या म्हणाल्या. "त्यांचे पेशंट फार दिवस तक्रार करायला यायचे नाहीत." मग चष्मा काढला. "चार टायर मला परवडणार नाहीत, हे खरं आहे. तुझा तो एक बसला, आणि बुधवारी गाडी निघाली, तर तात्याच चालवतील. मुलाला काय सांगायचं ते मी बघते. नाही बसला, तर मात्र गाडी जाईल."

सोमवारी कडक ऊन होतं. त्या उन्हात आम्ही टायर काळ्या ताडपत्रीवर दुपारपर्यंत तापत ठेवला, मऊ पडावा म्हणून. असला टायर चढवायचं मशीन शहरात एका बड्या दुकानात होतं, पण बाहेरून आणलेल्या जुन्या टायराला ते हात लावायला तयार नव्हते. आमच्याकडं दोन टॉम्या, साबणाचं पाणी आणि रिमला चरे पडू नयेत म्हणून सायकलच्या ट्यूबचे तुकडे. पहिली बाजू बसली. दुसरी काही केल्या येईना. एका टोकाला दाबली की दुसऱ्या टोकाला वर यायची. मी घामानं निथळत होतो. उस्ताद दमले, तात्यांनी शर्ट काढून ठेवला, मजा बघायला थांबलेल्या यार्डातल्या दोन हमालांनीही हात लावून पाहिला, तेही टेकले.

दवाखान्यातून घरी जाताना डॉक्टरबाई रिक्षातून उतरल्या. थोडा वेळ पाहत राहिल्या.

"अरे, एवढा जोर कशाला लावताय?" त्या म्हणाल्या. "अडलंय कुठं ते बघा आधी. समोरची बाजू खोल गेल्याशिवाय ही कशी निघेल?"

उस्तादनी माझ्याकडं पाहिलं. खरं होतं. रिमच्या मधोमध खोलगट असतं. समोरची कड त्या खोलगटात उतरून धरली तरच या बाजूला जागा होते. साध्या टायरात ती आपोआप उतरते. याची भिंत तिला वर ढकलत होती.

"तात्या, तिथं गुडघा द्या. तुम्ही तिथं," मी हमालांना म्हणालो. "उस्ताद, तुम्ही मधे बसा."

"पुन्हा मीच बसू?"

"तुम्हाला सवय आहे."

तिघं गुडघे रोवून, उस्ताद मधे बसून. मी टॉमी लावली, वीतभर कड आत घेतली, साबण फासला, पुढची वीत.

"घाई नको," डॉक्टरबाई मागून म्हणत होत्या. "थांबा. आता थोडा जोर. हं, आता. आणखी थोडं!"

शेवटची वीत आत गेली तेव्हा एक हमाल ओरडला, "मुलगा की मुलगी?" आणि डॉक्टरबाईच सगळ्यात मोठ्यानं हसल्या.

हवा भरायला लावली. सगळे मागं सरले. टायर फुगत गेला, कड सरकत गेली, आणि फाट्! एक बाजू बसली. फाट्! दुसरी. एवढा गोड आवाज मी तोवर ऐकला नव्हता. मी साबणाचं पाणी फिरवलं, एक बुडबुडा नाही. खिळ्याच्या टायराला आतून छत्रीसारखा पॅच बसवून तोही त्याच दिवशी तयार केला. तात्या ओल्या बनियनवर उभे राहून दोन्ही चाकांना आळीपाळीनं हात लावत होते.

उस्तादनी सवयीनं टॉमी उचलली आणि माझ्या हातात दिली. मी ती खाली ठेवली. खिळ्यावरचा गेज काढला, तडकलेली काच शर्टाला पुसली आणि दोन्ही चाकांना लावला.

बुधवारी सकाळी गाडी कळवणला निघाली. मी डॉक्टरबाईंना सांगितलं होतं, वेग बेताचा ठेवा, दिवा लागला तर लगेच थांबा, आणि पैसे जमतील तसे पुढं नवे टायर घ्या. त्या दिवशी माझं कामात लक्ष नव्हतं. दिंडोरीच्या बाजूनं येणारा प्रत्येक हॉर्न मला तात्यांचाच वाटत होता.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला तो खरंच ऐकू आला. तात्या लांबूनच हॉर्न वाजवत आले, वरातीसारखा. पांढरा शर्ट, कडक इस्त्री. गाडी दुकानासमोर उभी केली, काच खाली घेतली आणि म्हणाले, "नागपूर, दिवा लागला नाय. तरी पण गेज लाव."

मी चारही चाकांना लावला. सकाळी जेवढी भरली होती तेवढीच हवा होती. मागच्या सीटवरून डॉक्टरबाईंनी विचारलं, "काय म्हणतोय पेशंट?"

"घरी न्यायला हरकत नाही," मी म्हणालो.

उस्ताद तेवढ्यात दबणाऱ्या एका टायरावर बसले, आत खचले, आणि कंबर धरून सगळ्यांसमोर मला एक शिवी हासडली. ती मी अजून जपून ठेवली आहे.