रिठदची वरात, डोंगराशिवाय

वाशीमच्या एसटीत चढले तेव्हा खांद्यावर बाबांचा कॉर्नेट, त्यांचा पितळी बाजा होता, आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेला. "जर्मनीले नर्स म्हनून चालली, बाजा कायले नेते? दवाखान्यात वरात काढतं का?" काका म्हणाले आणि रिठदचा अख्खा स्टॉप हसला. बाबा हसले नाहीत. लग्नाच्या बँडमध्ये त्यांनी उभी हयात हा बाजा फुंकला, पोरीला शिकवला म्हणून गावाची बोलणीही खाल्ली. "नेऊ दे तिले," एवढंच ते म्हणाले.

नेला. काका, तुम्हाला कळावं म्हणूनच लिहितेय.

इथे दिवसभर वॉर्डात शिफ्ट असते आणि गुरुवारी संध्याकाळी गावच्या हौशी बँडची तालीम. शेजारी बेकरीवाली बाई ट्रम्पेट वाजवते, तिला कुणी हसत नाही. या लोकांना निसर्गावरचं संगीत फार प्रिय, पण निसर्ग म्हणजे डोंगर. शेवटी ढोल गडगडले आणि शिखर गाठलं की टाळ्या. यंदा बँडमास्तरांनी मला माझ्या मुलखावर रचना करायला सांगितली. मी रिठदचं शिवार लिहिलं. सोयाबीन निघालेलं मोकळं रान, वाळल्या तुरीच्या शेंगांचा खुळखुळाट, आणि त्यावर कुठेच न चढणारा एक लांब सूर.

"शेवटी एखादा डोंगर घाला," मास्तर म्हणाले, "नाहीतर कार्यक्रमात घेता येणार नाही."

मी नाही म्हटलं. ज्या रानात बाप वाढला, मी वाढले, ते यांच्या टाळ्यांसाठी उंच करू? रचना पडली तरी चालेल, पण ती सपाटच राहील.

तालमीत वाजवून पाहू, एवढं मास्तरांनी मानलं, पण तिथे अडचण खरी निघाली. कागदावरच्या खुणेला सगळे एकदम दम घ्यायचे आणि सूर तुटायचा. बाबा वरातीत सांगायचे, "सारेच संग दम घेतले त वरात मुकी होते. बाजूवाल्याचा सरला की तू धर." मी खुणा खोडल्या आणि सगळ्यांना शेजाऱ्याकडे कान द्यायला लावले. चौथ्या तालमीला सूर तुटला नाही. मास्तरांनी छडी खाली ठेवली आणि डोंगराचं नाव पुन्हा काढलं नाही.

कार्यक्रमानंतर बाबांना फोनवर ऐकवलं. त्यांनी पुन्हा एकदा ऐकवायला लावलं. मग म्हणाले, "तूर वाजून राह्यली न थे?" मला रडू आलं, ते लपवलं नाही.

आता घर कुठे, असं तुम्ही विचारता. माझा दम सरल्यावर जिथे कुणीतरी सूर धरतं, ते घर. एक तिकडे आहे, एक इकडे झालं.

लग्नघरातून उपाशी परतताना बाबा म्हणत, "पंगतीत आपल्याले मांगं बसोतात, पन वरातीत आपनच पुढं." तर काका, दवाखान्यात नाही, पण रिठदची वरात मी जर्मनीत काढली. आणि पुढे मीच होते.