निळ्या खड्याची अंगठी

थॉमसीनबाईंच्या पेटीत सतरा पत्रं होती. सोळा त्यांनीच लेकीला धाडलेली, लेकीच्या सामानाबरोबर परत आलेली. अक्षर कारभाऱ्याचं, देखणं. खाली बाईंची सही, कोंबडीनं माती उकरावी तशी. लिहिणं तेवढंच यायचं. पण बोल सगळे त्यांचेच: मोठ्या बाईंपुढं हावरटासारखी जेवू नकोस, लोकरीचे मोजे धाडलेत, ते घाल, कुणाला देऊन टाकू नकोस.

लेक उर्सुला अकराव्या वर्षी रीतीप्रमाणे एका सरदाराच्या मोठ्या घरी वळण शिकायला गेली. तिच्या नावावर आजोळची जमीन, आणि ती सख्ख्या काकाच्या डोळ्यांत भरलेली. पोरीला फसवून न्यायचं आणि आपल्या मुलाशी लग्न लावायचं, हे त्यानं दोनदा बोलूनही दाखवलेलं. म्हणून निघताना बाईंनी बोटातली निळ्या खड्याची अंगठी तिला दाखवली.

"न्यायला कुणी आलं, तर आधी ही मागायची. ही नसेल तर राजाचा माणूस असला तरी जायचं नाही."

"आणि बाबा आले तर?"

"शिकार सोडून? ते कशाला येतात."

तिसऱ्या वर्षी जुलैत घामाचा ताप आला. सकाळी धडधाकट असलेलं माणूस दिवेलागणीला नसायचं. मोठ्या घरच्या दोन दासी गेल्याचं कळलं. बाईंना आठवा महिना. त्यांनी लेकीला घरी बोलावणारं पत्र घाईनं सांगितलं, घोडा काढवला आणि सुजलेल्या बोटातून अंगठी ओढली. निघेना. मॉड सुईणीनं हंसाची चरबी चोळली, दोरा गुंडाळला.

"बाईसाहेब, ही बोटं आहेत की खिमा भरलेली आतडी?"

"ओढ गं."

"बोट येईल हातात."

"येऊ दे. नाहीतर लोहाराकडून कापून घेऊ."

"तो जत्रेला गेलाय. शनिवारशिवाय येत नाही."

बाईंचे यजमान सर राल्फ दारातूनच म्हणाले, "अगं, पत्रावर माझी मोहर आहे ना?"

"तुमच्या भावाचीही तीच आहे."

"मग थांब शनिवारपर्यंत."

थांबायला जीव धजेना. उर्सुलाच्या ओळखीचा जुना मोतद्दार गुडघेदुखीनं आडवा, म्हणून नवाच माणूस गेला. अंगठीविना.

चौथ्या दिवशी तो एकटा परतला. सतरावं पत्र त्यानं आणलं, उर्सुलाच्या हातचं. कारभाऱ्यानं वाचलं.

"आईसाहेब, गुडघे टेकून आशीर्वाद मागते. एक अनोळखी माणूस तुमच्या नावाचं पत्र घेऊन आलाय. बोलणं अगदी तुमच्यासारखं, मला रडूच आलं. पण अंगठी नव्हती. मी जाणार नाही. काकांना सांगा, उर्सुला खुळी नाही. मी बरोबर केलं ना?"

"पुन्हा वाच," बाई म्हणाल्या. "शेवटचं."

त्यानं वाचलं. त्याच संध्याकाळी मोठ्या घरचा स्वार आला. माणूस तिथून निघाला त्याच्या दुसऱ्या दिवशी पोर सकाळी अंथरुणाला खिळली होती आणि सूर्य मावळायच्या आत गेली होती.

बाळंतपण झालं. सूज उतरली. दहाव्या दिवशी मॉड बाईंचे हात तसराळ्यात धूत होती. अंगठी आपोआप घसरली आणि पाण्यात तळाला जाऊन बसली.

मॉडनं हात घातला नाही. बाई पाण्याकडं बघत राहिल्या.

"तुला म्हटलं होतं," त्या म्हणाल्या, "बोट आलं तर येऊ दे."