रांगेतल्या होड्या

आपोआप चालणाऱ्या यंत्राला सोबत लागते, असं मानणारा बोईसरमधला, आणि बहुतेक जगातला, एकमेव माणूस आमच्या खालच्या मजल्यावर राहतो. त्यांना सगळी बिल्डिंग काका म्हणते. वीज प्रकल्पातून निवृत्त झाल्यावर त्यांनी कुठून तरी एक जुना स्लाइड-स्कॅनर मिळवला. तरुणपणी काढलेल्या स्लाइडची, म्हणजे चौकटीत बसवलेल्या फिल्मच्या फोटोंची, चळत त्याच्या फीडरमध्ये ठेवायची. मग तो एकेक स्लाइड आत ओढतो, चित्र कॉम्प्युटरवर पाठवतो आणि स्लाइड पलीकडे टाकतो. माणसाने तोवर बाजारात जाऊन यावं, यासाठीच ते यंत्र केलेलं आहे. काका मात्र समोर खुर्ची टाकून बसतात. "हाताने चालवायचं यंत्र आपण थांबलो की थांबतं. हे आपोआप चालणारं कधी काय करेल, नेम नाही," असं ते म्हणतात. स्क्रीनवरच्या इंग्रजी सूचना वाचायला त्यांनी मला बोलावलं, आणि मी जातच राहिले. खटखट चालू असते, त्यामुळे तिथे बोलावं लागत नाही, हे मला बरं वाटतं.

समुद्राच्या हवेने स्लाइडच्या पुठ्ठ्याच्या चौकटी फुगल्या आहेत. मग फीडर एकदम दोन ओढतो आणि अडकतो. त्यावर उपाय म्हणून काकांनी स्लाइड तांदळाच्या डब्यात पुरल्या. "उद्या कुकरमध्ये होड्या शिजतील," काकू म्हणाल्या; पण खंडेनवमीला त्यांनीच स्कॅनरला इतकं मनापासून हळदकुंकू वाहिलं, की थोडं आत गेलं आणि पुढच्या चळतीतल्या प्रत्येक होडीवर दोन-दोन लाल सूर्य उगवले. काकांनी यंत्र खोलून पुसलं. त्यातलं एक चित्र मात्र 'शिरगावचा सूर्यास्त' म्हणून नातेवाइकांना पाठवून दिलं.

होड्या, कारण काकांनी माणसांचे फोटो काढलेच नाहीत. सुट्टीच्या दिवशी ते सायकलने शिरगावच्या नाहीतर आसपासच्या किनाऱ्यावर जायचे; लग्नानंतर कधी कधी काकूही मागे बसून जायच्या. होडीसमोर कुणी आलं, की "बाजूला व्हा हो!" म्हणून ओरडायचे. हे त्यांनी स्वतःच मला अभिमानाने सांगितलं होतं.

आमच्याकडे मासळी घेऊन येणारी मावशी शिरगावची. तिचे वडील ती लहान असताना गेले. घरात त्यांचा एकही फोटो नाही आणि चेहरा तिला नीट आठवत नाही. काकांकडे तिच्या गावच्या होड्या आहेत, हे कळल्यापासून ती टोपली दारात टेकवून आधी विचारायची, "काका, बाबा आला काय?"

"येतोय. रांगेत आहे," काका म्हणायचे.

"बगा हां. आमच्या होडीच्या नाळीवर, पुडच्या टोकाला, मोठा मासा रंगवलेला हाय."

काका तिच्याशी मासळीच्या भावावरून भांडायचे, पण त्या माशासाठी त्यांनी पुढच्या सगळ्या चळती सोडून शिरगावचे डबे आधी लावले. एका सकाळी ती दारात असतानाच मासा स्क्रीनवर आला. होडीच्या मागच्या टोकाला एक माणूस जाळं ओढत होता. पाठमोरा.

काकांनी चित्र मोठं केलं, आणखी मोठं केलं. पाठच मोठी झाली.

"मीच ओरडलो असेन," काका म्हणाले. "बाजूला व्हा म्हणून. म्हणून पाठ केली त्याने."

मावशी पदराला हात पुसून आत आली. स्क्रीनजवळ वाकली.

"बाबाच हाय. ह्याच पाठीवर बसून मी बाजारात जायची," ती म्हणाली. मग हसली. "आमचा बाबा कोनाचा आयकत नव्हता, काका. तुमचा पन आयकला नाय, तेच बरा झाला. सरकला असता, तर पाठ पन नसती मिलाली."

तिने ते चित्र मोठं छापून मागितलं. आता ते तिच्या घरी भिंतीवर आहे.

काका हल्ली यंत्र मधेच थांबवतात आणि प्रत्येक होडीच्या आजूबाजूची जागा मोठी करून बघतात. परवा एका चित्राच्या अगदी कडेला निळ्या पदराचं टोक निघालं आणि त्याखाली एक बांगड्यांचा हात. काका त्याच्याकडे बघत राहिले. काकू आत भाजी निवडत होत्या. त्यांना हाक मारावी की नाही, हे काकांना ठरवता येईना. खटखटही बंद होती. शेवटी मीच हाक मारली.