अप्पांचं रॉकेट आणि काकूंचा गोठा

संध्याकाळचे साडेसात. लातूर जिल्ह्यातल्या शिरूर अनंतपाळ तालुक्यातलं एक गाव. सुमनकाकूंच्या गोठ्याचा पत्रा फोडून आभाळातून धातूचं एक कडं खाली आलं. बैलगाडीच्या चाकाएवढं! म्हैस थोडक्यात वाचली.

ते शेवटी सांगतो. रॉकेटच्या बातम्या करायला मी या गावात जायचो. बातम्या रद्दीत गेल्या, किस्से मात्र साठत राहिले. गुरुनाथअप्पांचा मुलगा महेश जड उपग्रह नेणाऱ्या रॉकेटच्या इंजिनावर काम करतो. सुमनकाकू अप्पांच्या शेजारीण. रॉकेट एक आणि त्यावरून भांडणारी घरं दोन. मग किस्से साठणार नाहीत तर काय!

*

महेशच्या रॉकेटच्या घराण्यातली पहिली पिढी परदेशातून आणलेल्या इंजिनावर उडाली. ते इंजिन बनवायचं कसं, हे कुणी शिकवेना. आपल्या लोकांनी वर्षानुवर्षं खपून ते घरीच घडवलं. अप्पा पारावर हाच इतिहास असा सांगायचे : "शेजाऱ्यानं मोटर दिली, पण उघडून दावली न्हाई. मग आमच्या म्हेशानं घरीच केली!"

काकू ताडकन म्हणाल्या, "हाव! आन् शिकला कुठं? माझ्या हिरीवरली मोटर खोलून! लहानपणी खोलली, ती आजून जोडायलाय!"

*

घरच्या इंजिनाचं पहिलं उड्डाण. गावानं स्टँडवर फ्लेक्स लावला. मधे रॉकेट, कोपऱ्यात महेश आणि महेशपेक्षा मोठा सरपंच!

रॉकेट समुद्रात पडलं. दुसऱ्या दिवशी फ्लेक्स गायब. आमचे फोटोग्राफर नजीरभाई शोधत अप्पांच्या शेतात गेले, तर सोयाबीनच्या गंजीवर रॉकेट आडवं!

"अप्पा, ये क्या?"

"पाऊस यायलाय. वर न्हाई गेलं तर न्हाई गेलं, कामाला तर लागलं!"

हसून बोलले. पण त्या दिवशी त्यांनी महेशला फोन केला नव्हता. मला हळूच म्हणाले, "काय बोलू? तो रडंल, मग मी रडंन."

*

एकदा आमच्या पेपरच्या मुख्य कार्यालयातून फोन आला. "रॉकेट श्रीहरिकोट्यातून उडणार. ही लातूरची बातमी कशी?"

माझं डोकं फिरलं. "साहेब, रॉकेट तिथून उडतं, पण त्याचा आजा इथं बसलाय!"

त्यांनी उपकार केल्यासारख्या चार ओळी लावल्या, राशिभविष्याच्या खाली. वर फोटो भलत्याच रॉकेटचा! मी संतापलो. अप्पांनी मात्र कात्रण लॅमिनेट करून घेतलं. "असू द्या, साहेब. चुलतभाऊ असंल त्येचा!"

*

पुढं घरचं इंजिन साधलं. त्याहून दणकट भावंड आलं, ते यान घेऊन चंद्राकडे निघालं. गावात महेशचा सत्कार झाला. पाहुणे पुढारी माइकवर गरजले, "हे रॉकेट चंद्रावरून परत येईल, तेव्हा आपण मिरवणूक काढू!"

महेश त्यांच्या कानाशी लागला. "साहेब, ते परत येत नाही."

"का? डिझेल संपतं?" माइक चालूच होता!

महेशनं उठून समजावलं, की हे एकदाच वापरायचं असतं. जळून झालेला एकेक टप्पा गळून पडतो.

पहिल्या रांगेतून काकू ओरडल्या, "म्हंजे पत्रावळच की!"

अख्खा मंडप हसला. अप्पा सोडून. त्यांनी काकूंशी अबोलाच धरला.

*

आणि मग ते कडं पडलं. अर्धं गाव अप्पांच्या दारात. "अप्पा, तुमच्या पोराचं रॉकेट काकूंच्या गोठ्यात आलंय!"

मी आणि नजीरभाई पोचलो तेव्हा अप्पांचा चेहरा उतरला होता. नजीरभाईंनी महेशला फोटो पाठवले. अप्पांनी सगळ्यांसमोर फोन लावला, स्पीकरवर.

"म्हेशा, खरं सांग. तुझं हाय का?"

"नाही, अप्पा. आमचे तुकडे समुद्रात पडतात. आणि ही बनावटही आमची नाही."

"मग कुणाचं?"

"वरून कितीक देशांची रॉकेटं जातात, अप्पा. शोधावं लागंल."

गर्दीत कुणीतरी फिदीफिदी हसलं. "आपलं पडलं की दुसऱ्याचं म्हणायचं!"

तेवढ्यात काकू पुढं आल्या. "गप रं! पोरगं खोटं बोलत न्हाई. माझी मोटर खोलली तवाबी लगीच कबूल झालतं!"

अप्पा घरात गेले, तो जुना फ्लेक्स घेऊन आले आणि शिडी लावून काकूंच्या फुटक्या पत्र्यावर बांधला. रॉकेटचं तोंड आभाळाकडं.

तहसीलवाले कडं घेऊन गेले. मी विचारलं, तर साहेब म्हणाले, "वरिष्ठांना कळवलंय." वरिष्ठांना विचारलं. त्यांनीही वरिष्ठांनाच कळवलं होतं!

गावात गेलो की काकू आधी मलाच धरतात. "पत्रकारसाहेब, जेवून गेला तो कोण? पत्रावळ उचलायला कवा येणार?"

कडं तहसीलच्या आवारात पडून आहे. ते कुणाचं, हे अजून कुणीही सांगितलेलं नाही.