मनोरीला नेलेली सहा सफरचंदे

रविवार, १२ ऑक्टोबर १९८६. हजर: मी, धाकटी जाऊ कुसुम आणि मालाडपासून पिशवीत सहा सफरचंदे.

मुलुंडहून सातला निघालो. यजमानांचे मामा मनोरीला राहतात. त्यांची उमेदीची वर्षे काश्मिरातल्या एका सरकारी बागेत गेली. तिथे जुन्या, सुवासिक अंबरीचा गोल्डन डेलिशियसशी संकर करून ‘सुनहरी’ ही सफरचंदाची जात काढली. संकर केलेल्या फुलांना कागदी पिशव्या बांधायचे काम मामांचे. जात बाजारात पोचली का, हे कळण्याआधीच ते निवृत्त झाले. आता डोळे गेलेत, पण तेवढे कळावे ही इच्छा राहिली आहे.

खुणा मी लिहून घेतल्या होत्या: पिवळी साल, तीवर लाल रेघा, कुरकुरीत गर, गोडीत जरा आंबटपणा, वास अंबरीचा. मालाडच्या फळवाल्याने एकाच पेटीतून रेघांची आणि बिनरेघांचीही काढली. यातली सुनहरी कोणती, असे विचारले तर म्हणाला, सगळी गोल्डनच. मी रेघांची घेतली.

मार्व्याला तरीत (खाडी ओलांडायच्या होडीत) पाय ठेवायला जागा नव्हती. कुसुमने पिशवी एका कोळणीच्या टोपलीवर ठेवली. टोपलीत सुके बोंबील होते, हे मनोरीला उतरताना कळले. मी फळे विहिरीवर साबणाने धुतली. त्याने एक वास वाढला, पहिला गेला नाही.

मामांनी ओटीवर बसून एक फळ दोनदा हुंगले.

"यात बोंबील कुठला नि अंबरी कुठली, ते तूच सांग गं."

मग चावा घेतला. कुरकुरीत आहे म्हणाले, गोडही, मागून आंबट. पण आंबटपणा गोल्डनलाही असतो. मी रेघांचे सांगितले.

"उन्हाच्या बाजूने लाली गोल्डनवरही चढते. अंबरी वासातच कळते."

मामींनी कोलंबीचे कालवण आणि तांदळाची भाकरी वाढली. मामांनी भाकरी बाजूला सारून दुसरे फळ घेतले, मग तिसरे. निघताना म्हणाले, "नक्की कळलं की पत्र टाक. माझं मन राखायला म्हणून टाकू नकोस."

परतीच्या तरीत कुसुम म्हणाली, "वहिनी, हो लिहून टाका ना. म्हातारा सुखाने झोपेल."

मालाडला पुन्हा उतरले. पेटी कोणत्या बागेची, ते फळवाल्याला ठाऊक नव्हते. पेटीच्या फळ्यांवर बागेचे नाव असेल म्हटले, तर त्या चहावाल्याच्या शेगडीत गेल्या होत्या. पाचातल्या चार खुणा जुळल्या आणि पाचवी आम्हीच बिघडवली. एवढ्यावर हो म्हणावे की नाही, मला समजत नाही.

आज गुरुवार. पोस्टकार्डावर पत्ता आणि ‘ती. मामांस सा. न.’ एवढेच लिहून झाले आहे.