आत्याने न सोडलेली भाजी

काशीला येणारा प्रत्येक यात्रेकरू इथे काहीतरी सोडून जातो. आवडीचं फळ, आवडीची भाजी गंगेच्या साक्षीने सोडायची आणि मग जन्मात तोंडात घालायची नाही, असा रिवाज आहे. कोणी वांगं सोडतो, कोणी फणस. फारच धीट माणसं तंबाखू सोडतात आणि परतीच्या गाडीत पुढचंच मोगलसराय स्टेशन येईपर्यंत पाळतात. अशा या शहरात सोडण्याचा मनापासून तिटकारा असलेला माणूस मी एकच पाहिला, तो म्हणजे आमच्या आत्याचा नवरा. आम्ही त्यांना आतोबा म्हणत असू. घाटावर कोणी हातात पाणी घेऊन संकल्प करताना दिसला की आतोबा थबकायचे, त्याच्याकडे मोठ्या दयेने पाहायचे आणि "आणखी एक गेलं" असं पुटपुटत पुढे जायचे. नवख्या माणसाला वाटे, मागून कोणाची तिरडीच येते आहे.

या वैराचं कारण घरातच होतं. आत्याला एकुलता एक मुलगा. तो लहानपणीच विषमज्वराने अंथरुणाला खिळला. गल्लीतल्या बायका म्हणाल्या, आवडीचं काही सोड, पोर वाचेल. आत्याने पडवळ सोडलं. खरं म्हणजे पडवळ तिला मुळीच आवडत नसे. मुलगा गेला. आपण देवाला फसवायला गेलो आणि देवाने ते ओळखलं, हे त्या दिवसापासून आत्याच्या मनाने घेतलं ते घेतलंच. यापुढे सोडायचं ते जिवाच्या आवडीचंच, असं तिने ठरवलं आणि मग सोडण्याचा सपाटाच लावला. माझ्या वडिलांच्या दम्याला तिने वांगं सोडलं, आईच्या बाळंतपणाला आंबा, दिराच्या खटल्याला अळू. प्लेग आला तेव्हा सबंध गल्लीसाठी भात सोडला. माझ्या मॅट्रिकला तिने जिलबी सोडली आणि मी थर्ड क्लासात पास झालो. "अरे, बनारसची जिलबी गेली," आतोबा मला म्हणाले, "एवढ्यात निदान सेकंड तरी यायला हवा होता!"

मी हे हसत सांगतो आहे खरा, पण आत्या दिवसेंदिवस वाळत चालली होती आणि ते आम्हा सगळ्यांना दिसत होतं. ताटात पातळ वरण, चतकोर पोळी आणि मीठ. जे आवडेल ते आज ना उद्या जाणार, म्हणून तिच्या घरी जेवणाऱ्याने कशाचंही कौतुक करायचं नाही, असा आतोबांचा सक्त हुकूम होता. आमच्या घराण्यात आलेले एक नवे जावई पहिल्याच घासाला "फर्मास!" म्हणून गेले. आतोबांनी त्यांना ताटावरून उठवलं नाही, एवढंच. पण त्या दिवाळसणाला जावईबापूंशी ते एक शब्द बोलले नाहीत.

हे असंच चाललं तर आत्या हातची जाणार, हे कळल्यावर आतोबांनी एक अजब मार्ग काढला. जे तिने जन्मात खाल्लंच नाही, ते तिने सोडलेलं कसं असेल? तेव्हा अशी भाजी शोधायची, जिचं नावही काशीतल्या घरात जन्मलेल्या बाईने ऐकलेलं नाही. पेशाने ते संस्कृतचे मास्तर, पण शिकवण्या आटोपल्या की त्यांची पावलं बियाण्यांमागे धावत. साहेबी कंपन्यांच्या रंगीत पाकिटांचा त्यांना राग होता. त्यांतून उगवणार तोच कोबी आणि तोच फ्लॉवर, आणि ते दोन्ही केव्हाच सोडून झालेले. त्यांना हवं असे बाप-आजाच्या वेळचं, घरोघर राखेत जपलेलं बी. अमृतराव घाटावर देशावरचे, कोकणातले यात्रेकरू उतरले की आतोबा हजर. त्यांना फुकट विश्वनाथ दाखवायचे, गंगाजलाचे गडू भरून द्यायचे, आणि दक्षिणेची वेळ आली की म्हणायचे, "पैसा नको. गावी पोचलात की घरचं बी पाठवा." लोक खरोखर पाठवत. चिंधीत बांधलेल्या अबईच्या बिया येत, चिबडाच्या येत, कुणालाच नाव सांगता येणार नाही असा लाल दाण्याचा घेवडा येई. गंगेपलीकडची एक भाजीवाली होती, तिच्याकडून ते रोख देऊन बी घेत. "पंडितजी, ई हमरे ससुर के हाथ का बीया है," ती अभिमानाने सांगे. "ससुर के ससुर का नहीं है?" असं आतोबा तोंड पाडून विचारत. त्यांच्या कोटाच्या खिशात बिया कायमच्या मुक्कामाला असत. एका पावसाळ्यात खुंटीवरच्या ओल्या कोटातल्या वालाला मोड आले, तेव्हा त्यांनी तो कोट तसाच परसात नेऊन मातीत पालथा केला.

उगवलेलं सगळं ते टोपल्या भरभरून गल्लीत वाटत. पहिली भाजी मात्र आत्याच्या पानात. ती खाऊ लागली की हे समोर बसून काळजीच्या सुरात म्हणायचे, "बेचव झालीय न?" "बिलकुल बेचव," आत्या म्हणायची आणि आणखी थोडी वाढून घ्यायची. त्या दिवशी आतोबांच्या चालीत वेगळाच तोरा असे. पण भाजी मनापासून आवडली की त्या भाजीचे दिवस भरत आले असं समजायचं. अबईच्या शेंगा शेजारच्या मुलीच्या लग्नाला गेल्या, चिबूड कुणाच्या तरी डोळ्याच्या ऑपरेशनला. इकडे सतपुतिया नावाचं छोटं दोडकं मिळतं, मुलांच्या आयुष्यासाठी बायका ते व्रताला खातात. त्याचंही बी आतोबांनी आणलं होतं, पण ते पेरायची त्यांची छाती झाली नाही.

शेवटी भाज्या संपत आल्या आणि पाव आला. सिकरौलच्या साहेबी वस्तीतल्या एका बंगल्यात एक म्हातारी मडम आतोबांकडे संस्कृत शिके. ती घरीच पीठ आंबवून, खमीर धरून पाव भाजायची. हा पदार्थ पोळी नव्हे, भाकरी नव्हे, आत्याने तो कधी पाहिलेलाही नाही, हे लक्षात येताच आतोबांनी त्या दिवशीचा श्लोक अर्धा टाकला आणि कृती विचारून घेतली. घरी येऊन स्नान केलं, सोवळं नेसले आणि चिनी मातीच्या बरणीत कणीक आणि गंगाजल कालवून ठेवलं. दोन-चार दिवसांत बरणी फसफसू लागली आणि माजघरात आंबूस वास सुटला.

"अहो, बरणीत काय मेलंय?" आत्याने नाकाला पदर लावला.

"मेलं नाही, जिवंत झालंय," आतोबा म्हणाले.

हंडीच्या खाली-वर निखारे घालून त्यांनी भाजलेला पहिला पाव पाट्याच्या जोडीला वरवंटा म्हणून खपला असता. पुढचे हळूहळू सुधारले. मग शास्त्रीमंडळी घरी आली. पाव हे म्लेंच्छांचं खाणं, शिवाय खमीर म्हणजे शिळं पीठ, असा त्यांचा आक्षेप. "शास्त्रीबुवा," आतोबा हात जोडून म्हणाले, "रोज सकाळी कचौरी-जिलबीच्या दुकानात आपली गाठ पडते न? ते जिलबीचं पीठ केव्हाचं असतं?" शास्त्रीबुवा उठून गेले आणि वर्षभर आतोबांना एकाही पंगतीचं बोलावणं आलं नाही. त्याची त्यांना फिकीर नव्हती, कारण आत्या पाव खात होती. गरम दुधात कुस्करून, सकाळी एक तुकडा, संध्याकाळी एक. आम्ही सगळे पावाला मनसोक्त नावं ठेवायचो आणि आत्या खाली मान घालून खायची. त्या हिवाळ्यात तिचे गाल जरा भरले. आतोबांना इतकं सुखात मी कधी पाहिलं नाही.

पुढच्या शरदात आतोबाच तापाने पडले. ताप डोक्यात गेला, माणसं ओळखेनाशी झाली. डॉक्टरांनी मान हलवली. त्या सकाळी आत्या कोणालाही न सांगता मुन्शी घाटावर उतरून गेली आणि ओल्या लुगड्याने परत आली. ताप उतरला. आतोबा उठून बसू लागले, आणि हातात जरा बळ येताच त्यांनी बरणी मागितली. कणीक तिंबली, पाव भाजला आणि दुधाच्या वाटीसह तिच्यापुढे ठेवला. मी तिथेच होतो. आत्याने वाटी हळूच बाजूला सारली.

"मी सोडला तो."

"केव्हा?"

"तुम्ही शुद्धीवर नव्हता तेव्हा."

"अगं, मला विचारायचंस तरी!"

"विचारलं असतं तर तुम्ही पालक सोड म्हणाला असता," ती म्हणाली. "पालक मला कुठे आवडतो?"

शास्त्र्यांना गप्प करणारे आतोबा दुधाची वाटी उचलून आत घेऊन गेले. मला त्या वेळी आत्याचा भयंकर राग आला होता. तो अजून पुरता गेलेला नाही. आतोबा पुढेही कितीतरी दिवस पाव भाजत राहिले, निदान वासाने तिचं मन पालटेल म्हणून. ते सगळे पाव आम्हाला वाटले जायचे. आत्या पालक खायची, तोही नावाला. फाल्गुनात ती गेली.

दिवस झाले तेव्हा घाटावर मी आतोबांबरोबर होतो. विधी उरकत आल्यावर म्हातारे उपाध्ये म्हणाले, "आता बाईंच्या नावाने आवडीची एखादी वस्तू सोडा." मला वाटलं, आतोबा भडकणार. पण ते ओंजळीत पाणी घेऊन उभे राहिले.

"वांगं सोडता?" उपाध्यांनी विचारलं.

"वांगं मी खात नाही. तिने सोडलं तेव्हापासून."

"मग आंबा?"

"तोही नाही."

"भात?"

"प्लेगापासून बंद आहे."

उपाध्ये माझ्याकडे पाहू लागले. इतकी वर्षं आम्ही त्यांच्या घरी जेवलो, पण आत्याच्या ताटात काय आहे हे बघण्याच्या नादात आतोबांच्या ताटाकडे आमचं कधी लक्षच गेलं नव्हतं. गल्लीभर वाटलेल्या त्या टोपल्यांतलं त्यांनी स्वतः काय खाल्लं, हे आम्ही कोणी विचारलं नव्हतं.

"पाव तरी?" मी म्हटलं.

"तापातून उठल्यावर एकच घास तोंडाशी नेला होता. तेवढ्यात ती म्हणाली, सोडला." आतोबा उपाध्यांकडे वळले. "गुरुजी, माझ्याकडे सोडायला काही उरलं नाही हो. तुम्हीच काहीतरी सुचवा."

उपाध्यांनी हातातले दर्भ खाली ठेवले. मग हलक्या आवाजात "असू दे" म्हणाले, आणि आतोबांनी कशाचंच नाव न घेता ओंजळ रिकामी केली. पाणी गेल्यावरही त्यांचे ओले हात कितीतरी वेळ तसेच पुढे राहिले होते.